इंजिन नवं, पण ओढ जुन्याइतकीही नाही

प्रश्न : माझी जेट स्की जुनी आहे. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ७०१ सीसी, दोन कार्ब्युरेटर. पिस्टन चिकटला म्हणून ब्लॉक ०.५० मिलिमीटर रिबोअर केला (सिलिंडर आतून घासून मोठा केला). पिस्टन, रिंगा, क्रँकचे सील आणि गॅस्केट सगळं नवीन टाकलं. आता एका सेल्फला सुरू होते, आयडलिंगही छान. पण मार्व्याच्या खाडीत पूर्ण थ्रॉटल दिला की काटा ५,१०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) अडतो. पूर्वी ६,२०० पर्यंत जायची. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, १४८ आणि १४५ पीएसआय. मिस्त्री म्हणतात, रिंगा बसल्या की सुधारेल, तोवर पेट्रोलमध्ये तेल दुप्पट घाला. पाच तास चालवून झाले. इंजिन पुन्हा उघडू का?
— एक वाचक, मालाड

उत्तर : उघडू नका. दोन्ही प्लग काढून, त्यांच्या वायरी अर्थ करून आणि थ्रॉटल पूर्ण दाबून हे कॉम्प्रेशन मोजलं असेल, तर आकडे चांगले आहेत. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तुमचा दोन टक्के आहे. रिंगा बसायच्या राहिल्या म्हणून अकराशे आरपीएम जात नाहीत.

तुमच्या यादीत कार्ब्युरेटरचं नाव नाही, आणि पिस्टन मुळात चिकटला कशामुळे हेही त्यात नाही. पेट्रोल कमी पडून चिकटला असेल, तर ते कारण अजून जागेवर आहे आणि नव्या पिस्टनचीही तीच गत होईल. म्हणून कारण सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका. खालची चोकची चाचणी तेवढी अपवाद, तीही काही सेकंदांपुरती.

आधी फुकटातली तपासणी. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा. एकाने हँडलचा लिव्हर टोकापर्यंत दाबायचा, दुसऱ्याने टॉर्च मारून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघायचं. दोन्ही बटरफ्लाय (हवा अडवणाऱ्या गोल झडपा) हवेच्या मार्गाला समांतर, म्हणजे कडेवर उभे दिसले पाहिजेत, आणि दोन्ही एकाच क्षणी हलले पाहिजेत. इंजिन उतरवून परत बसवल्यावर केबल सैल राहते, बटरफ्लाय पाऊणच उघडतो आणि लोक ब्लॉकला दोष देत बसतात.

केबल ठीक असेल तर पाण्यात, मोकळ्या जागी, पूर्ण थ्रॉटलवर चोक अगदी थोडा ओढा, दोन-तीन सेकंदच. आरपीएम वर गेला तर पेट्रोल कमी पडतंय. इंजिन गुदमरून आणखी खाली आलं तर पेट्रोल पुरेसं आहे. मग इग्निशन किंवा एक्झॉस्टकडे वळा.

तुमच्या लक्षणांवरून पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त वाटते. कार्ब्युरेटरला जोडलेला पेट्रोल पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. तो ठोका नेणारी नळी चिरली असेल, किंवा नवीन गॅस्केटने ठोक्याचं भोक अर्धं झाकलं असेल, तर आयडलिंगला काही कळत नाही, वरच्या आरपीएमला पंप उपाशी पडतो. इथे मऊ प्लास्टिकची नळी लावू नका. ती स्वतःच फुगते आणि ठोका गिळते. जाड भिंतीची पेट्रोलची नळीच हवी. मग पंपाची झाकणं उघडा. कडक झालेला डायफ्रॅम (पंपातला पातळ पडदा) बदला, आतली बारीक जाळी साफ करा. पेट्रोलचा रिझर्व्हचा कॉकही फुंकून बघा.

तेलाचं म्हणाल तर दुप्पट घालणं उलट अंगाशी येतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून, जेवढं तेल जास्त जाईल, तेवढं पेट्रोल कमी जातं. त्यात आता बाजारात मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्याच सेटिंगवर मिश्रण आणखी विरळ होतं. पाच तास झालेत, तेव्हा कंपनीच्या प्रमाणावर या. ऑइल इंजेक्शन (तेल आपोआप मिसळणारी सोय) चालू असेल तर टाकीत वेगळं तेल घालायचंच नाही. कार्ब्युरेटरचा हाय-स्पीड स्क्रू (वरच्या आरपीएमचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पाव फेरा उघडा आणि प्लगचा रंग बघा : पांढरा म्हणजे अजून कमी, चॉकलेटी म्हणजे बरोबर, काळा ओला म्हणजे जास्त.

एवढं करूनही प्लग पांढराच राहिला तर इंजिन कुठूनतरी हवा घेतंय. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद करा, प्लग बसवा आणि ठोक्याची नळी बसते त्या निपलला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा जोडा. काटा ३०० (मिलिमीटर पारा) वर नेला की जवळपास ६ पीएसआय होतात. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात. क्रँकच्या सीलकडे आधी बघा. नवीन सीलची कड बसवताना दुमडते.

चोकने इंजिन गुदमरलं असेल तर फ्लायव्हील उतरवा आणि त्याला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावी (खुंटी) बघा. ती थोडी कातरली तरी टायमिंग सरकतं आणि ताकद जाते. एक्झॉस्टच्या पाण्याच्या नळ्यांची अदलाबदल झाली आहे का, तेही तपासा. पाइपात पाणी जास्त गेलं की आतला वायू गार होतो आणि पाइपाचा जोर खालच्या आरपीएमला सरकतो.

प्रश्न : आरपीएम ६,९०० पर्यंत जातो, आवाज मोठा होतो, पण जेट स्की पुढे सरकत नाही. इंजिन उतरवावं का?
— एक वाचक, अक्सा

उत्तर : इंजिन निर्दोष आहे, ते भार न मिळाल्यामुळे मोकळं पळतंय. लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी) काढून ठेवा आणि खालच्या जाळीतून टॉर्च मारा. आपल्या किनाऱ्यावर प्लास्टिकची पिशवी नाहीतर जाळ्याची नायलॉन दोरी शाफ्टला गुंडाळलेली मिळते. दोरी ओढू नका, कापून काढा. काहीच नसेल तर इम्पेलरचं (पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याचं) पातं आणि त्याभोवतीची रिंग यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घाला. ०.६ मिलिमीटर आत गेला तर रिंग बदलायची वेळ झाली आहे. वाळूत उथळ पाण्यात सुरू करणाऱ्यांची रिंग लवकर जाते. जेट पंप आणि हल (जेट स्कीचं अंग) यांच्या सांध्यातलं सीलंट उखडलं असेल तरी पंप हवा ओढतो.

प्रश्न : पावसाळ्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल नव्यात मिसळून वापरलं तर चालेल का?
— एक वाचिका, वर्सोवा

उत्तर : नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि तो प्रमाणाबाहेर गेला की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. पेट्रोल खेचणारी नळीही तळाशीच असते. थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीसकट कार्ब्युरेटरही धुवावा लागेल. पुढच्या पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा आणि प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडून, प्लगच्या वायरी अर्थ करून इंजिन सेल्फवर दोन-चार फेरे फिरवा. प्लग त्यानंतर लावा, आधी नाही.