कासवांची जागा नकाशावर दाखवा
(वाचकांचे प्रश्न : किनारा, जमीन आणि कायदा)

प्रश्न : आमचं घर मोरजीला तेंबवाड्याच्या मागे आहे. सासरे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे. कासव वर आलं की घरट्याभोवती काठ्या रोवून ते रात्र रात्र राखण करायचे. आता घराची समुद्राकडची भिंत खचलीय. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर ‘हा कासवांचा किनारा’ म्हणून अडवलं. चार घरं पलीकडे मात्र बाहेरच्यांचं हॉटेल रात्रभर दिव्यांनी उजळलेलं असतं. कासव वाचवायचा भार आमच्याच डोक्यावर का? येत्या ग्रामसभेत आम्ही काय मागावं?
– एक वाचक, मोरजी

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे, आणि तो कासवांवर नाही हे तुमच्या पत्रातच दिसतं. माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली, म्हणून मी या प्रश्नाकडे नकाशावरूनच बघतो.

कायदा कमी आहे असं अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ऑलिव्ह रिडले कासव वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत आणि त्यांत मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही चारही नावं कासवांचे किनारे म्हणून घातलेली आहेत. कासवांची विणीची जागा आणि वाळूच्या टेकड्या सीआरझेड-१ (अ) या सर्वांत नाजूक वर्गात येतात, म्हणजे बांधकामाला जवळजवळ वावच नाही. मग ते हॉटेल कसं उभं राहिलं? अधिसूचना गावाचं नाव घेते, परवाना मात्र सर्वे नंबरला मिळतो. कुठल्या सर्वे नंबरच्या कुठल्या तुकड्यात कासव अंडी घालतं, हे नकाशावर नेमकं उतरत नाही तोवर प्रत्येक अर्जदाराला ‘माझी जागा त्यात येत नाही’ असं म्हणता येतं. ज्याच्याकडे वकील असतो त्याचं ते खपतं. तुमचं खपत नाही.

आता मोजमाप बघा. राज्याचा किनारी आराखडा १:२५,००० या प्रमाणावर असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पंचवीस मीटर. मादी भरतीच्या रेषेच्या वर चढते, मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) सुरू होते त्या उताराला मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते आणि परत फिरते. पुढचे पन्नासेक दिवस ती अंडी त्या वाळूच्या उबेवरच असतात. वाळू तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. हा सगळा संसार टेकडीच्या पायथ्याच्या काही मीटरांत चालतो आणि त्या नकाशावर तो पेन्सिलीच्या रेघेएवढासुद्धा नसतो. १:४,००० च्या गावनकाशावर मात्र एक मिलिमीटर म्हणजे चारच मीटर, आणि तिथे सर्वे नंबरही दिसतात. तेव्हा ग्रामसभेत पहिली मागणी हीच करा : विणीचा पट्टा आणि त्यामागची वाळूची टेकडी गावनकाशावर सर्वे नंबरांसकट आखून द्या. रापणकारांना आणि वनखात्याच्या कासवरक्षकांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष जागेवर मोजणी करा. सासऱ्यांनी जिथे काठ्या रोवल्या त्या जागा त्यांच्या बरोबरीच्या म्हाताऱ्यांना अजून बोटाने दाखवता येतील. हे ज्ञान वाया जाता कामा नये.

याची घाई आहे. गोव्याचा २०२२ साली मंजूर झालेला आराखडा २०११ च्या अधिसूचनेवर बेतलेला आहे. २०१९ च्या अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांत ना-विकास पट्टा (भरतीरेषेपासून बांधकाम न करण्याचा पट्टा) दोनशे मीटरांवरून पन्नासवर आणलाय. वाळूची टेकडी पन्नास मीटर बघून थांबत नाही. विणीची जागा आणि टेकडी नकाशावर नसली, तर उरलेल्या दीडशे मीटरांत काय उभं राहील ते तुम्ही रोज डोळ्यांनी बघताच आहात. नव्या आराखड्याचा मसुदा येतो तेव्हा जनसुनावणी होते. तिथे भाषणापेक्षा असा आखलेला कागद जास्त कामाला येतो.

दुसरी मागणी दिव्यांची. एका सकाळी मी मोजणीला गेलो होतो. घरट्यातून पिल्लांच्या पावलांच्या बारीक दुहेरी रेघा निघालेल्या. समुद्र पुढ्यात, पण रेघा थोड्या अंतरावर वळून एका कंपाउंडच्या भिंतीकडे गेलेल्या आणि भिंतीशी जाऊन नुसता गुंता झालेला. भिंतीवर फ्लडलाइट होता. पिल्लू जिकडे उजेड जास्त तिकडे धावतं. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो, तिथे तो भिंतीवर होता. टेप हातात असून मला त्या दिवशी काही मोजवेना. म्हणून मागा की नोव्हेंबरपासून शेवटचं घरटं फुटेपर्यंत समुद्राकडे तोंड असलेले दिवे बंद ठेवायची अट परवान्यातच घाला. शॅकला, हॉटेलला आणि तुमच्या मुलाने खोल्या भाड्याने दिल्या तर त्यांनाही. अट सगळ्यांना सारखी असली की गावही तिच्या पाठीशी उभं राहतं.

आता तुमची भिंत. ना-विकास पट्ट्यातसुद्धा अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती त्याच जोत्यावर, क्षेत्र न वाढवता करायला अधिसूचना मुभा देते. घर १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचं असल्याचा पुरावा जोडा. पहिली सीआरझेड अधिसूचना त्या दिवशीची. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा, जुन्या सर्वेच्या नकाशात घराची आकृती असेल तर त्याची प्रत. तोंडी नकार घेऊ नका, कारणासकट लेखी मागा. हॉटेलविरुद्ध तक्रार किनारी प्राधिकरणाकडे करा, तारखेसह फोटो लावा. पुढे हरित लवादात जायचं झालं तर वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, आणि सबळ कारण दाखवलं तर फार तर आणखी साठ दिवस मिळतात. गावात बोलणी करण्यात ही मुदत टळून गेलेली मी बघितलीय. तारीख लिहून ठेवा.

प्रश्न : मुलांना घेऊन आगोंदला पिल्लं बघायला जाणार आहोत. वाटेत एखादं चुकलेलं पिल्लू दिसलं तर पाण्यात सोडावं का?
– एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : हात लावू नका, पाण्यात तर मुळीच ठेवू नका. वाळूवरून समुद्रापर्यंतची चाल त्याची त्यानेच करायची असते. तिथल्या कासव केंद्रातल्या माणसाला बोलवा, तोवर कुत्री आणि कावळे लांब ठेवा. टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश बंद. मुलांना वनखात्याने आखलेल्या दोरीच्या अलीकडे बसवा आणि जाण्याआधी केंद्रात चौकशी करा, कारण पिल्लं कधी बाहेर येतील ते आधी सांगता येत नाही.