घरात पडून असलेल्या जुन्या हेल्मेटचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच जुनी हेल्मेटं पडून आहेत, त्यातली दोन वडिलांच्या स्कूटरच्या वेळची, फेकवत नाहीत, कोणा गरजूला द्यावीत की भंगारात घालावीत. माझं सिंधुदुर्गात कुडाळच्या बाजूला टू-व्हीलरचं गॅरेज आहे, 18 वर्षं झाली, आणि गिऱ्हाईकं नवीन हेल्मेट घेतलं की जुनं माझ्याकडेच टाकून जातात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे दर महिन्याला असतो. माझं उत्तर असं की ज्या हेल्मेटची तुम्हाला खात्री नाही त्याचा हनुवटीखालचा पट्टा आजच मुळापासून कापून टाका. कुंडी करायची, भंगारात द्यायचं, शेतात लावायचं ते पुढे निवांत ठरवा, पण पट्टा आधी कापा.

एवढ्या घाईने का सांगतोय ते ऐका. आमच्या पडवीत खुंटीला बाबांचं एक जुनं हेल्मेट बरीच वर्षं लटकत होतं. मी दोनदा काढायला गेलो तेव्हा आई म्हणाली, "टाकतंस कित्याक, येतला कोणाच्या तरी उपयोगाक." मलाही ते पटलं. मग एका गणपतीला मावसभाऊ मुंबईहून आला आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या मंडपीचं, सामान आणायला माझी गाडी घेऊन बाजारात निघाला. जाताना मीच खुंटीवरचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं, म्हटलं पोलीस असतील नाक्यावर, घाल. वळणावर शेतातला चिखल रस्त्यावर आला होता, गाडी घसरली, स्पीड काही फार नव्हता. पण पट्टा जिथे हेल्मेटला रिव्हेटने, म्हणजे ठोकलेल्या धातूच्या खिळीने, बसवलेला असतो ना, तो रिव्हेट गंजून पोकळ झालेला, पहिल्याच झटक्याला सुटला. हेल्मेट उडून भाताच्या खाचरात गेलं आणि डोकं आपटलं ते उघडंच. जीव वाचला, चालतो, बोलतो, नोकरी करतो, पण त्याला वास येत नाही. डोक्याला मार लागून नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या बारीक नसा तुटल्या की असं होतं असं डॉक्टरांनी सांगितलं. मे महिन्यात घरात आंब्याची पेटी उघडली की सगळे म्हणतात काय घमघमाट सुटलाय आणि तो गप्प बसून असतो. ते हेल्मेट मी दिलं होतं, म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय.

आता जुनं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतून का संपतं ते सांगतो. नारळ माडावरून पडतो, खाली जांभ्या दगडावर आपटतो, तरी आतली करवंटी बहुतेक वेळा फुटत नाही, कारण सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं आवरण, मार खातं. हेल्मेटमध्ये ते काम बाहेरच्या चकचकीत कवचापेक्षा जास्त आतला थर्माकोल करतो, त्याला ईपीएस म्हणतात, त्यात बहुतेक हवाच असते. डोकं आपटलं की तो दबतो आणि थांबायला डोक्याला क्षणभर जास्त वेळ मिळतो, सगळा खेळ त्या क्षणाचा. पण सोडण दबून परत थोडंफार फुगतं, थर्माकोल नाही. एकदा दबला तो दबला, त्या जागी पुढच्या वेळी काहीच उरत नाही, आणि वरच्या कवचाला साधा ओरखडा नसतानाही आत हे झालेलं असू शकतं. त्यात घाम, डोक्याचं तेल, आरशाला लटकवून दिवसभर खाल्लेलं ऊन याने गोंद आणि प्लास्टिक सुकत जातं. म्हणून साधारण 5 वर्षांनी हेल्मेट बदला असं सांगतात. आपल्याकडे किनाऱ्याला त्यात भर म्हणून खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, बकल आणि रिव्हेट गंजतात, आतल्या कापडाला बुरशी धरते, तेव्हा 5 वर्षं हीसुद्धा मी जास्तच धरतो.

खात्री कोणत्याची आहे आणि कोणत्याची नाही हे ठरवायला तुमच्या पाचही हेल्मेटांवर अर्धा तास घालवा. आतली गादी काढून बघा, बनवल्याचा महिना-वर्ष कुठेतरी स्टिकरवर किंवा पट्ट्याच्या लेबलवर असतं, ते सापडलं नाही तर ते हेल्मेट जुनंच समजा. थर्माकोलवर सगळीकडे अंगठा फिरवा, कुठे खोलगट, गुळगुळीत चमकणारा किंवा भेग गेलेला भाग लागला तर ते बाद. रिव्हेटच्या भोवती कवचाला केसासारखी बारीक चीर आहे का ते उन्हात धरून बघा. बकल लावून पट्टा दोन्ही हातांनी जोरात हिसका. आणि मागे आयएसआयचा शिक्का बघा, वर आयएस 4151 आणि खाली सीएम/एल नंबर असतो, तो नंबर आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आहे ते दिसतं. 1 जून 2021 पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला-विकायलाच बंदी आहे, त्याआधी हायवेच्या कडेला दोरीवर टांगून विकलेली टोपडी आपण सगळ्यांनीच घेतली होती, वडिलांच्या वेळची दोन त्यातलीच असतील तर त्यांचा विचारच करू नका.

यातून एखादं खरंच पास झालं, म्हणजे वय कमी, कधी पडलेलं नाही, पट्टा घट्ट, तर जरूर द्या, पण ओळखीच्या माणसाला द्या आणि त्याचा इतिहास सांगून द्या. गादी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवा, सावलीत सुकवा, पावसात तीन-चार दिवस लागतात, ओली बसवू नका. रंग, थिनर, पेट्रोल लावून चकचकीत करायला जाऊ नका, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचं कवच त्याने आतून चिरतं आणि वरून कळतही नाही. पण गरीब आहे, त्याला काहीही चालेल, निदान दंड तर वाचेल, या विचाराने बाद हेल्मेट कोणाला देऊ नका. विना हेल्मेट सापडलं तर दंड होतो आणि लायसन्स 3 महिने निलंबित होऊ शकतं, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच, म्हणून लोक डोक्यावर काहीतरी असावं एवढंच बघतात. ज्याच्याकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत त्याचं डोकं काय कमी किमतीचं असतं का? त्यापेक्षा नव्या हेल्मेटला तुमच्याकडून दोनशे-चारशे रुपयांचा हातभार लावा.

उरलेल्यांचं काय, तर जाळू तेवढं नका. आपल्याकडे भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायच्या, दिवसात पालापाचोळ्याबरोबर घरातलं प्लास्टिकही बिनधास्त टाकतात. हेल्मेटचं कवच बरेचदा एबीएस नावाच्या प्लास्टिकचं असतं, ते जळताना सायनाइडचा विषारी वायू निघतो, थर्माकोलचा तो काळा चिकट धूर तुम्ही बघितलाच असेल. व्हाळातही, म्हणजे ओढ्यातही, टाकू नका. आमच्याकडे काही जण आतला थर्माकोल जाळ्याला तरंगा म्हणून बांधायचे, तो हळूहळू दाणेदाणे होऊन खाडीत पसरतो आणि मासे ते दाणे खातात. मी काय करतो, तर गादी, काच, पट्टा, थर्माकोल, कवच असं सगळं सुटं करतो. काच आणि प्लास्टिकचं कवच भंगारवाला घेतो, अख्खं हेल्मेट दिलं तर बहुतेक तो कोपऱ्यात फेकतो किंवा कोणाला तरी विकतो, म्हणून सुटं केलेलं बरं. फायबरचं कवच असेल, म्हणजे तुटलेल्या कडेला काचेसारखे तंतू दिसतात, तर ते वितळत नाही, भंगारात चालत नाही, त्याचा घरीच उपयोग करायचा.

घरचे उपयोग मी करून बघितलेत ते सांगतो. सगळ्यात चांगलं काम कोंबडीचं झालं. गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तेव्हा अर्ध्या हेल्मेटात पेंढा घालून कोपऱ्यात ठेवलं, दोन दिवसांनी बघतो तर ती आत बसून थर्माकोलचे पांढरे दाणे टोचून खातेय, चोचीला चिकटलेले. कोंबड्यांना थर्माकोल का आवडतो देव जाणे पण आवडतो. सगळा थर्माकोल खरवडून काढला, नुसतं कवच ठेवलं, पेंढा दाबून भरला, मग 21 दिवस ती तिथून उठली ती फक्त दाणापाण्याला आणि नऊ पिल्लं निघाली. कुंडी करायची असेल तर तळाला ड्रिलने तीन-चार भोकं पाडा, खाली सोडणाचे तुकडे, वर माती-शेणखत, अबोली छान येते. भोकं पाडायला विसरू नका, आणि हेल्मेट उलटं करून खळ्यात, म्हणजे अंगणात, किंवा गच्चीवर तसंच टाकू नका, पावसाचं पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत त्यात डेंग्यूचे डास तयार. बुजगावण्याला डोकं म्हणूनही लावतात, माकडं पहिले चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात, तेव्हा रोज जागा बदलायला लागते.

आंब्याच्या कलमांच्या बागेत ग्रास कटर चालवताना कातळावरचे खडे उडतात, तेव्हा काचेचं जुनं हेल्मेट डोळे वाचवतं, माझा शेजारी वापरतो. तिथे पट्ट्याची गरज नसते, त्यामुळे पट्टा कापूनच त्याला दिलं. घरात कोणी घाईत उचललं तरी लावायला पट्टा नाही हे बघून परत ठेवेल.

आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. तालुक्याला कुठे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असेल, कॉलेजचं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असेल, रुग्णवाहिकेवरची ओळखीची माणसं असतील तर त्यांना विचारा. अपघात झालेल्याच्या डोक्यातून हेल्मेट काढणं हे दोन माणसांचं काम असतं, एकाने डोकं आणि मान हलू न देता धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हळूहळू काढायचं, आणि हे सरावाशिवाय जमत नाही. आपल्याकडे गर्दी जमते आणि पहिला माणूस हेल्मेट खेचूनच काढतो, मानेचा मणका दुखावलेला असला तर तिथेच जन्माचं नुकसान होतं. श्वास चालू असेल तर हेल्मेटला हात न लावता रुग्णवाहिकेच्या 108 ला फोन करायचा, एवढं तरी सगळ्यांना कळायला हवं. सरावाला बंद काचेची हेल्मेटं लागतात आणि पट्टाही शाबूत लागतो, म्हणून अशा हेल्मेटावर मी पट्टा न कापता ऑइलपेंटने चारी बाजूंनी मोठी लाल फुली मारतो आणि वर लिहितो, "फक्त सरावासाठी".

वडिलांच्या दोन हेल्मेटांत जीव अडकलाय ते समजू शकतो. आमचं ते खाचरातून उचलून आणलेलं बाबांचं हेल्मेट मीही टाकलेलं नाही. गॅरेजमध्ये काउंटरच्या वर ठेवलंय, तुटलेला रिव्हेट समोर दिसेल असं. कोणी जुनं हेल्मेट घेऊन आला आणि "कोणाला तरी दे रे" म्हणाला की आधी ते त्याच्या हातात देतो.