जमाखर्चाची तोंडमिळवणी : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ते पूर्णांकांत मांडले आहेत. कोणत्या चलनात, हा प्रश्न वाचकांनी मनात आणू नये, कारण या सगळ्या गणितांत महत्त्व प्रमाणाला आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. गेले आठ महिने मी घरातला प्रत्येक खर्च, अगदी फुटकळसुद्धा, वहीत लिहून ठेवते. नियमित खर्च मिळकतीच्या आत बसतो, हे वहीवरून स्पष्ट दिसते. तरीही हाती काही उरत नाही, कारण दर महिन्याला काही ना काही अचानक उपटते. आमचे चुकते कुठे?

उत्तर : नोंदी ठेवण्याची चिकाटी तुम्ही दाखवलीत, हे काम बहुतेकांना दोन महिन्यांपलीकडे जमत नाही. मात्र वहीत लिहिलेला जमाखर्च आणि अंदाजपत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमाखर्च झालेल्या गोष्टी सांगतो. अंदाजपत्रकात पैसे हाती येण्यापूर्वीच त्यांना कामे वाटून दिलेली असतात. तुमच्याकडे पहिली गोष्ट उत्तम आहे आणि दुसरी अजून सुरूच झालेली नाही.

आता त्या ‘अचानक’ खर्चांकडे पाहू. तुम्ही पाठवलेल्या यादीत विम्याचा हप्ता, मुलांचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती, नात्यातले लग्न आणि सुटीतला प्रवास अशा पाच बाबी आहेत. यांतली एकही बाब खऱ्या अर्थाने अचानक आलेली नाही. विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते, शुल्क दरवर्षी त्याच सुमारास भरावे लागते, आणि वाहन कोणत्या दिवशी बंद पडेल हे सांगता आले नाही तरी वर्षभरात त्यावर काहीतरी खर्च होणार हे निश्चित असते. हे खर्च अनपेक्षित वाटतात, कारण आपण हिशेबासाठी महिना हे एकक धरतो आणि हे खर्च वर्षाच्या चालीने येतात.

उदाहरणादाखल मासिक मिळकत १०० आणि नियमित खर्च ८२ धरू. कागदावर दरमहा १८, म्हणजे वर्षाला २१६ उरायला हवेत. आता विमा ३६, शुल्क ६०, वाहन २४, लग्नकार्ये आणि भेटवस्तू ३०, प्रवास ४० अशी बेरीज केली तर ती १९० होते. वर्षअखेर उरतात २६, म्हणजे दरमहा जेमतेम २. आपली शिल्लक १८ आहे असे समजून जो माणूस वागतो आणि त्या भरवशावर एखादा नवा हप्ता स्वतःवर चढवून घेतो, तो वर्षाच्या मध्यावर उसनवारीला लागतो यात नवल नाही.

अबिगेल ससमन आणि ॲडम ऑल्टर या संशोधकांनी २०१२ साली नेमक्या याच चुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या खर्चांचा अंदाज माणसे बऱ्यापैकी बरोबर बांधतात. क्वचित होणाऱ्या खर्चांचा अंदाज मात्र कमी बांधतात, कारण असा प्रत्येक खर्च त्यांना एकमेवाद्वितीय वाटतो. ‘हे काय रोज होते थोडेच’ असे आपण प्रत्येक वेळी म्हणतो आणि असे प्रसंग किती वेळा आले हे मोजत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त एक संध्याकाळ द्यावी लागेल. बँकेचे गेल्या बारा महिन्यांचे उतारे काढा, दरमहा न होणारा प्रत्येक खर्च खुणावून त्यांची बेरीज करा आणि तिला बाराने भागा. वरच्या उदाहरणात हा आकडा साधारण १६ येतो. पगार जमा होताच तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात वळवायची आणि वर्षाचे खर्च त्याच खात्यातून भागवायचे. पहिल्या वर्षी हे खाते अपुरे पडण्याचा संभव आहे, कारण मोठा खर्च खाते भरण्याआधीच दारात येऊन उभा राहू शकतो. म्हणून वर्षातला सर्वांत मोठा खर्च आटोपला की लगेच सुरुवात करणे सोयीचे. या खात्याला गंगाजळी समजू नका. नोकरी जाणे किंवा मोठे आजारपण यांसाठीची तरतूद याहून वेगळी असावी लागते.

प्रश्न : क्रेडिट कार्डावर माझी एक लाखाची थकबाकी आहे. मी किमान देय रक्कम एकदाही चुकवलेली नाही आणि कार्डावर नवी खरेदीही बंद केली आहे. तरी थकबाकी हलत का नाही?

उत्तर : ती हलते, पण किती सावकाश ते पाहा. व्याज दरमहा ३ टक्के आणि किमान देय रक्कम बिलाच्या ५ टक्के असे धरू. पहिल्या महिन्यात व्याजासह बिल १,०३,००० होते, तुम्ही ५,१५० भरता आणि ९७,८५० बाकी राहते. तुमच्या पाच हजारांतून मुद्दल फिटते फक्त २,१५०. पुढच्या महिन्यात बिल कमी येते, म्हणून किमान रक्कमही कमी होते. तुम्हाला तेवढीच सवलत मिळाल्यासारखे वाटते, पण त्यामुळे फेडीचा वेग मंदावत जातो. या गतीने थकबाकी निम्म्यावर यायला सुमारे ३२ महिने लागतात आणि तोवर व्याजापोटी जवळजवळ ७०,००० गेलेले असतात.

आता एकच बदल करा. बिलावर किमान रक्कम कितीही छापून येवो, दरमहा पहिल्याइतकेच, म्हणजे ५,१५० भरत राहा. संपूर्ण थकबाकी ३० महिन्यांत मिटते आणि एकूण व्याज सुमारे ५२,००० होते. पहिल्या महिन्यात जो भार तुम्ही उचललात त्याहून एक पैसाही जास्त नाही. केवळ तो कमी होऊ द्यायचा नाही. किमान देय रक्कम हा दंड टाळण्यासाठीचा आकडा आहे. ती कर्जफेडीची योजना आहे असा समज बिलाच्या मांडणीमुळे होतो, आणि माझ्या मते कार्डधारकांचे सर्वाधिक नुकसान याच समजाने होते.

कमी दराचे कर्ज घेऊन ही थकबाकी एकदम फेडण्याचा मार्गही आहे. मात्र मोकळे झालेले कार्ड पुन्हा भरू लागले, तर एका कर्जाची दोन कर्जे होतात.

प्रश्न : पाच वर्षांत माझा पगार जवळपास दीडपट झाला. चैन केल्याचे मला आठवत नाही, तरी बचत पूर्वी होती तेवढीच आहे. हे कसे?

उत्तर : चैन आठवत नाही हेच याचे उत्तर आहे. एकेकाळी जी चैन वाटत होती, ती दोन-तीन महिन्यांत गरजेच्या रांगेत जाऊन बसते आणि मग ती खर्च म्हणून नजरेसही येत नाही. काम उपलब्ध वेळेइतके फुगत जाते, हा नियम विनोदाने मांडणारे इंग्रज लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी पुढे असेही म्हटले होते की खर्च मिळकतीला गाठेपर्यंत वाढत जातो. विनोद बाजूला ठेवला तरी निरीक्षण खरे आहे.

अंगवळणी पडलेला खर्च कापणे फार जड जाते; जी वाढ अजून हाती आलेलीच नाही, तिच्यातला वाटा बाजूला काढणे त्यामानाने सोपे असते. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी याच स्वभावाचा उपयोग करून एक योजना आखली. नोकरदारांनी आधीच संमती द्यायची आणि प्रत्येक पगारवाढीबरोबर बचतीचे प्रमाण आपोआप वाढत जायचे, अशी ती योजना होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ती जिथे प्रथम राबवली गेली त्या कंपनीत सहभागी झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारा पगार घटल्याचे कोणालाच जाणवले नाही, कारण तो कमी झालाच नव्हता. फक्त कमी वेगाने वाढत होता.

तुम्हाला त्यासाठी कंपनीची गरज नाही. पुढची पगारवाढ जाहीर होताच, पहिला वाढीव पगार जमा होण्यापूर्वी, वाढीतला निम्मा भाग बचतीकडे वळवण्याची कायम सूचना बँकेला देऊन टाका. उरलेला निम्मा खुशाल वापरा. झालेल्या पाच वर्षांचे काय, असे तुम्ही विचारले आहे. त्यासाठी मात्र जुने खर्च एकेक करून तपासण्यावाचून दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे काम करतो. कधी भरपूर पैसे येतात, कधी महिना कोरडा जातो. माझ्यासारख्याने अंदाजपत्रक करावे तरी कसे? मी वर्षाची सरासरी काढून पाहिली, पण त्या हिशेबाने चालल्यावर ओढाताण वाढलीच.

उत्तर : सरासरीने तुम्हाला फसवले. समजा बारा महिन्यांची मिळकत हजारांत अशी आहे : ४०, ४५, ५०, ५०, ५५, ५५, ६०, ६०, ६५, ७०, ९० आणि २६०. सरासरी येते ७५. पण बारापैकी दहा महिने ७५ च्या खालीच आहेत. एका मोठ्या कामाने सरासरी वर ओढली आणि तुम्ही तोच आपला नेहमीचा महिना समजलात. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला पाहिला तर तो ५७ ते ५८ हजारांच्या आसपास येतो. घरखर्च त्याहूनही थोडा खाली, म्हणजे ५५ वर बेतावा, असे मी सुचवीन.

त्याची व्यवस्था अशी ठेवा. कामाचे सगळे पैसे एका खात्यात घ्या आणि ठरलेल्या तारखेला तिथून घरच्या खात्यात ५५ हजार पगारासारखे वळते करा. पैसे येताच कराचा वाटा आधी वेगळा काढा, कारण तो तुमच्या खात्यात दिसत असला तरी तुमचा नाही. मोठे काम मिळाले त्या महिन्यात पगार वाढवायचा नाही. ती रक्कम कोरड्या महिन्यांचा पगार आहे. कामाच्या खात्यात तीन-चार महिन्यांचा पगार शिल्लक राहू लागला, की हे गाडे सुरळीत चालते. तोपर्यंत नवा हप्ता नको.

प्रश्न : माझी एक लाखाची ठेव आहे आणि तेवढेच वैयक्तिक कर्जही आहे. ठेव मोडायला मन धजत नाही. हे चूक आहे का?

उत्तर : गणिताने चूक आहे. ठेवीवर ६ टक्के मिळत असतील आणि कर्जावर १५ टक्के जात असतील, तर ही ठेव जपण्यासाठी तुम्ही वर्षाला ९,००० मोजत आहात. पैसा एकच असूनही मनात त्याचे निरनिराळे कप्पे करण्याच्या या सवयीवर थेलर यांनी बरेच काम केले आहे आणि त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यातही या कामाचा उल्लेख होता. पण तुमची भीती मी सर्वस्वी चुकीची मानत नाही. हाती काहीच नसलेला माणूस पहिल्याच अडचणीत पुन्हा कर्ज काढतो, आणि तेही मिळेल त्या दराने. म्हणून तीन महिन्यांच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम राखून बाकीची ठेव कर्जात भरा. त्यापूर्वी मुदतपूर्व फेडीचे शुल्क आणि ठेव मोडण्याचा दंड किती हे दोन्हीकडे विचारून घ्या.

प्रश्न : अंदाजपत्रकावरून आमच्या घरात रोज खटके उडतात. मी काटेकोर आहे, पतींना प्रत्येक खर्चाचा हिशेब देणे अपमानास्पद वाटते. अलीकडे ते काही खरेदी माझ्यापासून लपवतात, असे लक्षात आले. काय करावे?

उत्तर : लपवणे बरोबर नाही हे त्यांना ठाऊक असणारच, नाहीतर त्यांनी लपवले नसते. पण पत्रातला ‘रोज’ हा शब्द मला अधिक महत्त्वाचा वाटला. घरातली एक व्यक्ती हिशेब तपासनीस आणि दुसरी कायमची आरोपी, अशी वाटणी झाली की दुसरी व्यक्ती पळवाट शोधते. काटेकोरपणाची ही किंमत काटेकोर माणसांच्या वहीत कधीच लिहिली जात नाही. मी स्वतः त्याच पंथातला असल्यामुळे हे अनुभवाने सांगतो.

दोघांच्या नावे दरमहा सारखी आणि ठरावीक रक्कम बाजूला काढा, आणि तिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही असे ठरवा. ती अंदाजपत्रकातली एक बाबच असेल, त्यामुळे तुमची शिस्त बिघडत नाही. ती रक्कम किती असावी हे पतींना प्रथम सुचवू द्या. बाकी खर्चांविषयी रोज बोलण्याऐवजी महिन्यातून एकदा, दोघेही दमलेले नसताना, अर्धा तास बसा आणि त्या बैठकीत झालेल्या खर्चापेक्षा पुढच्या महिन्यात काय येऊ घातले आहे याविषयी अधिक बोला. लपवलेल्या खरेदीचा विषय पहिल्याच बैठकीत काढू नका. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत त्यांच्याकडूनच निघण्याची शक्यता अधिक आहे, आणि तसा निघाला तर त्या दिवशी वही मिटून ठेवा.