जेवढी थांबवता येते तेवढीच गाडी घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

केटीएमची आरसी ३९० घ्यावी, यामाहाची आर-थ्री घ्यावी की कोल्हापुरात स्वस्तात मिळणारी कावासाकीची जुनी निंजा ६५० मोटरसायकल उचलावी, असे तू विचारलेस आणि सोबत तिन्हींच्या अश्वशक्तीचे आकडे पाठवलेस. ते मला पाठ आहेत. तुझी आत्ताची दीडशे सीसीची गाडी साठच्या वेगावरून किती मीटरांत उभी राहते, हा आकडा मात्र तुझ्या साऱ्या मजकुरात कुठेही नव्हता, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. जेवढी गाडी थांबवता येते तेवढीच घ्यावी, याहून वेगळे मी काही सांगणार नाही.

वेग पन्नासवरून शंभरवर गेला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, हे तू अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीच शिकलास. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. समोरचे संकट ओळखून बोटे ब्रेकच्या लिव्हरवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो आणि खरे ब्रेकिंग त्यानंतर सुरू होते. गळिताच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना रात्रभर चालतात. त्यांच्यामागे तुझी अश्वशक्ती काय कामाची, ते मला एकदा समजावून सांग.

ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आहे ना, असे तू म्हणशील. सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाकींना ते २०१९ पासून सक्तीचे आहे आणि नव्या आरसी ३९०ला तर वळणात चालणारे एबीएसही आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली पकड कुठून आणणार? चोर्ला घाटात कणकुंबीच्या पुढे पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर गाडी झुकलेली असताना टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्ची पडलेली असते, आणि अशा वेळी घाबरून लिव्हर करकचून दाबणारा हात कोणतेही यंत्र शहाणा करू शकत नाही. आधी लिव्हर हलकेच ओढायची, पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले दांडे, दबू द्यायचा आणि मगच जोर वाढवायचा. हे हाताला न सांगता जमले पाहिजे. ते लहान गाडीवर शिकता येते, कारण लहान गाडी चूक पोटात घालते.

आता तुझ्या तीन गाड्या. निंजा ६५० विसर. ६८ अश्वशक्ती आणि १९६ किलो, हे तुझे या वर्षाचे काम नव्हे. (शिवाय कोल्हापूरची एमएच-०९ची गाडी कायमची इकडे बेळगावला आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथली केए-२२ची नवी नोंदणी आणि कर्नाटकाचा कर, तेव्हा स्वस्ताई कुठे जाईल ते कळेल.) आरसी ३९०चे ३७३ सीसीचे एकच सिलिंडर इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांतच जोरात ओढते आणि तिची सीट ८२४ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे खानापूरच्या तांबड्या चिखलात गाडी कलली तर तुझ्या उंचीला फक्त चवडे टेकतील. आर-थ्रीची सीट ७८० मिलिमीटर आहे. तिचे ३२१ सीसीचे जुळे सिलिंडर खालच्या फेऱ्यांत शांत असते आणि खरा जोर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या पुढे दाखवते, त्यामुळे मनगट चुकून जास्त फिरले तरी ती लगेच अंगावर येत नाही. घ्यायचीच झाली तर तीच घे, पण पुढचा पावसाळा जुन्या गाडीवर काढल्यानंतर.

मी फार सावध आहे, असे तुझे बाबा सांगतील. चोर्ल्याच्या वाटेवर आमची मंडळी मला मागे टाकून जात आणि कणकुंबीला त्यांचा चहा संपता संपता मी पोहोचलो की हसत. मी त्यांना हसू दिले. मोठ्या गाडीसाठी हात तयार झाले तेव्हा मुलांची शिक्षणे आणि उद्यमबागेतल्या शेडचे हप्ते आड आले. आता पैसा आहे, पण अशा गाड्यांच्या खाली बसवलेल्या क्लिप-ऑन हँडलवर ओणवे बसून मनगटे अर्धा तास टिकत नाहीत. याची हळहळ मला आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे तुला म्हणायचे असेल तर खुशाल म्हण. पण ओल्या घाटात उसाची ट्रॉली अचानक आडवी दिसली तेव्हा मी प्रत्येक वेळी तिच्या अलीकडे थांबलो आहे, आणि त्या हसणाऱ्यांपैकी काहींनी गाडी चालवणे का सोडले, हे तू त्यांनाच विचार.

कोल्हापूरच्या गाडीचा विसार दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर आजच परत माग, मी बाबांशी बोलतो. रविवारी पहाटे उद्यमबागेतला रस्ता मोकळा असतो. तुझी गाडी, हातमोजे आणि मोजायची टेप घेऊन ये. चाळीस, मग पन्नास, मग साठ या वेगांवरून ती किती मीटरांत उभी राहते ते खडूने रस्त्यावर मांडू. टायरमधली हवा आदल्या दिवशीच तपासून घे, कारण पहाटे पंक्चरवाला उठलेला नसतो.

तुझा,
काका