शनिवारी संघ हरतो, रविवारी घरात सुतक

"ताई, नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार घरात आणतो. फक्त सप्टेंबर ते नोव्हेंबर, शनिवारी तो माणसात नसतो. असल्या कारणासाठी कुणी तुमच्याकडे येतं का हो?"

येतात की. मी समुपदेशक, माझ्याकडे बहुतेक जण क्रिकेटपायी येतात, पण प्रश्न तोच असतो. संघ हरला की घरातला माणूस प्रशिक्षकाला शिव्या घालत बसतो, धड जेवत नाही, दोन दिवस कुणाशी बोलत नाही. हा छंद म्हणायचा की वेड, आणि सोडायला लावायचा का? या बाई ओमाहाहून बोलत होत्या, म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातून. खेळ अमेरिकन फुटबॉल, संघ तिथल्या विद्यापीठाचा. (दोघांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ऑक्टोबर 2024 मधली गोष्ट. आदल्या दिवशी इंडियाना विद्यापीठानं नेब्रास्काला 56-7 असं धुतलं होतं. आमचं बोलणं व्हिडिओवर झालं, माझ्याकडे रविवारची संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळचे आठ. बाई गाडीत बसून बोलत होत्या, कारण घरात "सुतक" होतं. बारा वर्षांचा मुलगा हल्ली शनिवारी कानात इयरफोन घालून खोलीचं दार लावून घेतो, एवढं सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला.

"हात उचलत नाही" हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं. तरी मी ते दोनदा, वेगवेगळ्या पद्धतीनं विचारलं. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जिंकणार असं वाटत असलेला गावचा संघ अनपेक्षितपणे हरला, की पुरुषांकडून बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीच्या नोंदी सुमारे 10 टक्क्यांनी वाढत होत्या. त्यामुळे "खेळाचं वेड" हे शब्द ऐकून मी हसत नाही. उत्तर "हो" आलं असतं, तर पुढचं सगळं बोलणं वेगळ्या वाटेनं गेलं असतं. ते "नाही" होतं, दोन्ही वेळा.

पुढच्या रविवारी नवरा आला. कोल्हापूरचा. "मॅडम, आधीच सांगतो, मॅच बघायची बंद कर म्हणणार असाल तर आपलं जमायचं नाही."

मी म्हटलं, मला तुमचा खेळच कळत नाही, हातात बॉल घेऊन पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात तेवढं आधी सांगा. तो खळखळून हसला. "आमच्या वडिलांनी पण हेच विचारलेलं!"

मग तो पाऊण तास बोलला. 2001 च्या ऑगस्टमध्ये तो लिंकनला, म्हणजे त्या विद्यापीठाच्या गावी, एमएस करायला आला. त्याच मोसमात संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला आणि मायामीकडून 37-14 असा हरला. आपण सोन्याच्या दिवसांत आलोय असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ते दिवस तिथंच संपत होते. टॉम ऑसबोर्न नावाच्या प्रशिक्षकानं 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं संघ सांभाळला आणि शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. त्याच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिचला 2003 मध्ये नऊ विजय मिळवूनही काढून टाकलं. तिथून साडेसाती लागली ती सुटेना. 2004 पासून मोजलं तर आताचा मॅट रूल हा पाचवा कायम प्रशिक्षक.

चौथा स्कॉट फ्रॉस्ट, घरचाच पोरगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू. तो आला तेव्हा लोकांनी देव आल्यासारखं केलं. 2021 मध्ये त्याचा संघ नऊ सामने हरला, आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. 2022 च्या सप्टेंबरमध्ये त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर करारानुसार द्यायची दीड कोटी डॉलरची रक्कम निम्मी झाली असती. "थांबले नाहीत मॅडम. पब्लिक थांबू देत नव्हतं. मी पण नव्हतो देत."

या राज्यात मोठा व्यावसायिक संघ एकही नाही. आहे तो हाच. 1962 पासून घरच्या एकाही सामन्याचं तिकीट शिल्लक राहिलेलं नाही, आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियम हेच राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर असतं असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. त्यानं पहिल्यांदा लाल शर्ट घातला त्या दिवशी पेट्रोल पंपावरचा एक म्हातारा आपणहून त्याच्याशी बोलला. गावात येऊन दोन महिने झाले होते आणि तोवर कामाशिवाय कुणी बोललं नव्हतं. दोघं दहा मिनिटं प्रशिक्षकाला नावं ठेवत उभे राहिले.

हे ऐकलं आणि बायकोनं मला दिलेलं काम, म्हणजे "त्याला हे सोडायला लावा", मी मनातल्या मनात बाजूला ठेवलं. बाहेरचा माणूस स्तुती करतो. शिव्या घालायचा हक्क घरच्यांना असतो. त्या पंपावर त्याला तो हक्क मिळाला होता, आणि कोल्हापूरच्या माणसाला त्याची किंमत कळणार नाही तर कुणाला? शाहू स्टेडियमवर वडिलांच्या सायकलवर बसून आपला, पायानं खेळायचा फुटबॉल बघायला गेलेला हा मुलगा. आपल्या पेठेच्या तालमीचा संघ हरला की कट्ट्यावर रात्री बारापर्यंत खेळाडूंची आणि कोचची सालटी निघायची, पण दुसऱ्या पेठेतल्या कुणी त्याच संघाला एक शब्द बोलू दे!

फरक एवढाच, की कट्ट्यावर ज्याची सालटी काढली तो सकाळी दुधाच्या रांगेत भेटायचा. वडील त्यालाच म्हणायचे, "काय भावा, काल पाय दुखत होता काय तुझा?" आणि चहा पाजायचे. ओमाहात हा एकटा तळघरात टीव्हीसमोर, हातात फोन. मित्रांबरोबर बघायचं त्यानं केव्हाच बंद केलं होतं. आपण फार ओरडतो, याची लाज वाटायची.

पहिले दोन आठवडे माझं काहीच चाललं नाही, तेही सांगते. भावनांची डायरी लिहायला दिली, तर त्यानं त्यात संघाच्या तिसऱ्या प्रयत्नाच्या यशाची टक्केवारी भरून आणली (या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात). मग मी जरा अभ्यास करून गेले. व्हर्जिनिया टेकचा फ्रँक बीमर 1992 मध्ये, म्हणजे सहाव्या वर्षी, अकरापैकी दोनच सामने जिंकला होता. विद्यापीठानं त्याला ठेवलं, आणि पुढच्या वर्षापासून 2015 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याचा संघ दर वर्षी बोल सामन्याला गेला, म्हणजे पुरेसे विजय असलेल्या संघांना मिळणाऱ्या मोसमाअखेरच्या सामन्याला. स्वतः रूलनंही बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी एक विजय आणि अकरा पराभव पाहिले, तिसऱ्या वर्षी अकरा विजय. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही सांगितला, की तळाच्या महाविद्यालयीन संघांनी प्रशिक्षक बदलून फारसं काही साधत नाही, आणि मधल्या संघांचं तर उलट बिघडतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "बीमरच्या काळात पोरं चार वर्षं टिकायची मॅडम. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, पोरं कॉलेज बदलून दुसऱ्या संघात जातात, 2021 पासून पोरांना जाहिरातीचे पैसे मिळतात. इंडियानाच्या कोचनं आधीच्या कॉलेजातली डझनभर पोरं बरोबर आणली आणि पहिल्याच वर्षी आम्हाला 56 मारले. कुणाच्या पोराला पाच वर्षं थांबायला सांगताय?"

मी हरले. चाहत्याशी त्याच्या खेळावर वाद घालू नये, हे त्या दिवशी नव्यानं शिकले. शिवाय त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक बदला, असं तो महिनाभर ओरडत होता, आणि नोव्हेंबरमध्ये रूलनं खरोखर ती जबाबदारी मार्कस सॅटरफील्डकडून काढून डेना होल्गरसनकडे दिली. "बघा मॅडम!" असा विजयी मेसेज मला पुण्यात पहाटे चार वाजता आला.

पण त्याच्या बोलण्यात एक गंमत मी टिपत होते. रॉबर्ट चियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात दाखवलं होतं, की संघ जिंकला की विद्यार्थी "आम्ही जिंकलो" म्हणतात आणि हरला की "ते हरले". मराठीत हे आणखी उघडं पडतं, कारण आपल्याकडे "आपण" आहे. जिंकलेल्या सामन्याबद्दल तो मला, कोथरूडच्या बाईला, बिनदिक्कत आत ओढायचा: "आपण कोलोरॅडोला काय हाणलं!" हरल्यावर "तो" यायचा. "त्यानं घालवलं." एरवीचे "रूलसाहेब" संध्याकाळपर्यंत "तो रूल्या" झालेले असायचे. खेळाडूंना तो कधी काही बोलत नसे. "एकोणीस वर्षांची पोरं हो ती, त्यांना काय बोलायचं." मग सगळा राग जाणार कुठं? ज्याला काढता येतं त्याच्या डोक्यावर.

तिसऱ्या भेटीत त्यानं स्वतःच सांगितलं, की 56-7 च्या रात्री त्यानं रूलना एक ईमेल लिहिली होती. पाठवली नव्हती, पण रोज रात्री उघडून त्यात थोडी भर घालायचा. बायकोच्या नजरेला तीच पडली होती, म्हणून ती गाडीत बसून बोलत होती.

"वाचून दाखवाल?" मी विचारलं. "मराठीत."

तो चष्मा पुसून वाचायला लागला. इंग्रजीतून मराठीत आणताना अडखळत होता. सुरुवातीला डावपेचांच्या तक्रारी, मग पगाराचा हिशेब, मग शिव्या. शिव्या कोल्हापुरीत फार खुलल्या, त्याला स्वतःलाच हसू आलं. आणि मग, "तू इथला नाहीस. जिथून आलायस तिथं..."

थांबला. मला वाटलं नेट अडकलं. पण त्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळाचा सेकंदकाटा हलत होता.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "2001. सप्टेंबर संपत आलेला. कॉलेजच्या पार्किंगमध्ये एका पिकअपची काच खाली झाली आणि हेच. ह्याच शब्दांत." परत थांबला. "त्याच्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी तो लाल शर्ट घेतला."

मी काही बोलले नाही. "डिलीट करू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आठवडाभर राहू दे. ते बरोबर केलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. त्यानं ती दुसऱ्याच दिवशी पुसून टाकली.

त्यानंतर मी एकच पथ्य सांगितलं, आणि ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. प्रशिक्षकांवर पाहिजे तेवढी टीका करा, पण मराठीत, आणि अहो-जाहो करून. "साहेब, चौथ्या प्रयत्नाला आपण चेंडू का सोडून दिलात?" असं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी म्हटलं, आमच्या पुण्यात अहो-जाहो करूनच माणसाला गाडतात, तुम्ही प्रयत्न तर करून बघा. प्रश्न लिहून ठेवायचे आणि रविवारी मला वाचून दाखवायचे. शिवाय सामना तळघरात एकट्यानं बघायचा नाही. जुन्या मित्राकडे जायचं, नाहीतर वरच्या हॉलमध्ये बसायचं.

23 नोव्हेंबरला संघानं विस्कॉन्सिनला 44-25 हरवलं आणि 2016 नंतर पहिल्यांदा बोल सामन्याची पात्रता मिळवली. बाईंनी सांगितलं, मुलगा दुसऱ्या अर्ध्यात हॉलमध्ये येऊन बसला होता, एका कानातला इयरफोन काढून. दुसरा तसाच. "जिंकत होते म्हणून आला असेल," त्या म्हणाल्या, आणि ते खरंही असेल. म्हणून मी पुढच्या आठवड्याची वाट बघत होते. पुढचा सामना आयोवाशी होता. आदल्या वर्षी याच सामन्यात आयोवानं शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून घालवून तीन गुण मिळवून, 13-10 नं हरवलं होतं.

या वर्षीही तसंच झालं. शेवटच्या क्षणी फील्ड गोल, या वेळी 53 यार्डांवरून. 13-10.

मी इकडे शनिवारी सकाळी चहा गाळत होते. फोन वाजला. त्याचा मेसेज, एक शब्द: "हरलो."

मी उत्तर टाईप करत होते तेवढ्यात दुसरा आला. "साहेबांना विचारायचे प्रश्न लिहून काढलेत. चौदा झालेत, त्यातले तीन पोराचे. रविवारी वाचतो."