डेअरडेव्हिलचा दुसरा सीझन अर्ध्यावरून का घसरतो? इलेक्ट्रामुळे का?

तुमचा प्रश्न असा आहे की नेटफ्लिक्सच्या डेअरडेव्हिल या सुपरहिरो मालिकेचा दुसरा सीझन नुकताच संपवलात, पहिले चार भाग बघून वेड लागलं आणि मग गाडी रुळावरून उतरली. हे नायकाची जुनी प्रेयसी इलेक्ट्रा आल्यामुळे झालं का, आणि तिसऱ्या सीझनवर वेळ घालवावा का. पूर्ण बघून झालाय म्हणताय, त्यामुळे शेवटासकट सगळं मोकळेपणाने लिहितो. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबावं.

इलेक्ट्रावर खापर फोडू नका. सीझन घसरतो तो मॅट मर्डॉक, म्हणजे दिवसा अंध वकील आणि रात्री डेअरडेव्हिल असलेला नायक, कोर्टात येत नाही म्हणून.

हे माझं धंद्याचं दुखणं आहे हे आधीच कबूल करतो. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. हा सीझन आला १८ मार्च २०१६ ला. नेटफ्लिक्सला भारतात येऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते आणि मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होतो. रूममेटच्या चुलतभावाच्या अकाउंटवर आम्ही चौघांनी तेरा भाग दोन रात्रींत संपवले. तेव्हा मलाही वाटलं होतं की इलेक्ट्राने वाट लावली. सनद मिळाल्यावर, चार-पाच वर्षं पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसल्यावर पुन्हा बघितला तेव्हा मत बदललं.

आधी ते चार भाग. नुसत्या मारामारीमुळे ते चांगले झालेत असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. मारामारी आहेच. तिसऱ्या भागातला जिना कोण विसरेल? एका हाताला टेपने चिकटवलेलं रिकामं पिस्तूल, दुसऱ्या हातात साखळी, आणि मजल्यामागून मजला खाली उतरत जाणारा दमलेला माणूस. फिलिप सिल्वेराने बसवलेल्या मारामाऱ्यांत माणूस दमतो, धापा टाकतो, भिंतीला टेकतो. पण त्या जिन्याच्या आधी काय होतं बघा. गच्चीवर मॅटला साखळीने बांधून, गुन्हेगारांना ठार मारत सुटलेला फ्रँक कॅसल ऊर्फ पनिशर समोर बसतो आणि दोघं चक्क युक्तिवाद करतात. फ्रँकचं म्हणणं, तू ठोकतोस ते लोक पुन्हा उठतात, मी ठोकलेले उठत नाहीत. मॅटचं म्हणणं, माणूस सुधारू शकतो आणि ती संधी काढून घेण्याचा हक्क तुला नाही. दोन्ही बाजू तगड्या आहेत. न्यायाधीश नाही, आणि मध्ये आरोपी म्हणून ग्रोटो.

आणि ग्रोटो कोण? मॅट मर्डॉक आणि त्याचा भागीदार फॉगी नेल्सन यांचा अशील! बारमध्ये येऊन गयावया करून त्याने या दोघांना वकील केलेलं असतं. तो मॅटच्या समोर मरतो. म्हणजे डेअरडेव्हिल हरतोच, शिवाय वकील मर्डॉकचा पक्षकार जातो. चौथ्या भागात त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मोजकी डोकी असतात आणि त्यात त्याचे वकील असतात. मी एका पक्षकाराच्या दहाव्याला असाच गेलो होतो, घरची तीन माणसं आणि मी. तो प्रसंग लिहिणाऱ्याला या धंद्याची चव माहीत आहे एवढं नक्की.

त्याच तिसऱ्या भागात, ज्यात सगळ्यांना फक्त जिना आठवतो, फॉगी हॉस्पिटलमध्ये दोन टोळीवाल्यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. हातात काही नाही. पोलीस आले की तुमचं काय होईल, कोणाला किती वर्षं लागतील, एवढंच बोलून तो त्यांना थंड करतो. एक जण ठोसे मारत जिना उतरतोय आणि दुसरा तोंडाने भांडण मिटवतोय. मालिका तेव्हा दोन्ही पायांवर उभी होती.

मग कब्रस्तान. फ्रँक झालेला जॉन बर्नथल रक्तबंबाळ अवस्थेत थडग्याला टेकून बसलाय आणि लढाईवरून परतल्याच्या दिवसाची गोष्ट सांगतोय. मुलीच्या शाळेत गेला, ती धावत येऊन बिलगली. रात्री ती म्हणाली पुस्तक वाचून दाखव, आणि हा इतका थकलेला की उद्या म्हणाला. तो उद्या म्हणजे पार्कात त्याचं कुटुंब मारलं गेलं तो दिवस. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून फारसा हलतच नाही. पार्श्वसंगीताचा गोंधळ नाही, भूतकाळातली दृश्यं नाहीत. खरा साक्षीदार असाच बोलतो, मुख्य घटनेकडे थेट येत नाही, आजूबाजूच्या क्षुल्लक गोष्टी सांगत राहतो. सरतपासणीत अशी साक्ष आली तर समोरचा वकील उलटतपासणीला उठायच्या आधी दोनदा विचार करेल.

इथपर्यंत मांडणी कशी झाली बघा. दिवसा कायद्यावर विश्वास ठेवणारा आणि रात्री तो मोडणारा नायक, आणि कायद्यावर विश्वासच न ठेवणारा आरोपी. आता त्या आरोपीचं वकीलपत्र नायकाच्या हातात! यापेक्षा चांगला खटला कुठल्या सुपरहिरो मालिकेला मिळाला? आणि सातव्या भागात, खटल्याच्या पहिल्या दिवशी, सुरुवातीचं निवेदन मॅटने करायचं ठरलेलं असताना साहेब गायब. रात्री इलेक्ट्राबरोबर होते.

फॉगी उठतो. तयारी नाही, कपाळावर घाम, समोर ज्युरी. हे दृश्य बघताना माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. माझ्या दुसऱ्याच वर्षी आमचे सिनियर ऐन अंतिम युक्तिवादाला आले नाहीत. पट्टेवाल्याने पुकारा केला, मी उठलो, मुदतीचा अर्ज दिला, आणि साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं की आरोपी दोन वर्षं आत आहे, त्याला काय सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉगीकडे निदान काहीतरी बोलायचं धाडस होतं. फॉगी झालेल्या एल्डन हेन्सनने त्या दोन मिनिटांत जे केलंय त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही.

माझी तक्रार मॅटच्या गैरहजेरीबद्दल नाही. नायक चुकावा, त्याशिवाय गोष्ट होत नाही. पण मॅट कोर्ट चुकवतो तेव्हा त्याच्याबरोबर मालिकाही कोर्ट चुकवते. लेखकांनीही पाठ फिरवली. ज्युरी निवडण्याची धामधूम दाखवली, शहर दोन तटांत विभागलेलं दाखवलं, आणि मग एवढ्या मोठ्या खटल्याला दोन भागांत, तेही तुकड्यातुकड्यांत, गुंडाळलं. आपल्याकडे ज्युरी राहिली नाही, पण ज्युरीसमोर गणवेशातला माणूस उभा राहिला की काय होतं हे मुंबईने पाहिलंय. १९५९ मध्ये नौदलाच्या कमांडर नानावटीला खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, बाहेर लोकांची सहानुभूती ओसंडून वाहत होती, आणि शेवटी हायकोर्टाने तो निर्णय फिरवला. फ्रँक कॅसल हा माजी मरीन. त्या खटल्यात असाच मसाला ठासून भरला होता.

आणि केस जिंकण्याजोगी नसली तरी सरकारपक्षाला उघडं पाडण्याजोगी नक्की होती. फ्रँकचं कुटुंब ज्या पार्कात मेलं तिथे सरकारी वकील रेयेस यांच्याच खात्याने सापळा लावला होता, तो फसला, आणि मग कागदपत्रं दाबली गेली. शवविच्छेदन करणारा डॉक्टर पिंजऱ्यात येऊन अहवाल बदलल्याचं कबूल करतो, आणि लगेच सांगतो की रात्री एका बाईने घरात घुसून मला धमकावलं. संपलं. साक्ष बाद. इलेक्ट्राने मदत करायला जाऊन केस बुडवली. हा धागा मला खरंच आवडतो, कारण रात्रीचा मर्डॉक दिवसाच्या मर्डॉकला कसा खातो ते इथे दिसतं. पण मालिका त्यावर थांबत नाही, तिला निंजांकडे पळायचंय. पुढे दहाव्या भागात रेयेस सगळं कबूल करते ते स्वतःच्या ऑफिसात, चार माणसांसमोर, आणि तिथेच तिच्यावर गोळ्या झाडल्या जातात. ही कबुली खुल्या कोर्टात, उलटतपासणीत यायला हवी होती. अख्ख्या सीझनमध्ये एवढी एक गोष्ट मला बदलायला मिळाली तर मी हीच बदलेन.

आठव्या भागात मॅट एकदाचा येतो. फ्रँकला साक्षीला उभं केलं जातं. (आमच्याकडे आरोपीचा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली जबाब होतो, पण त्याला स्वतःहून साक्षीदार करायला सहसा कुठला शहाणा वकील धजत नाही.) मॅट स्वतःच्याच अशिलाला फितूर म्हणून प्रश्न विचारायची परवानगी मागतो आणि मग प्रश्न विचारायचे सोडून भाषण ठोकतो, की या शहराला अशा माणसांची गरज आहे वगैरे. चार्ली कॉक्स ते झकास करतो, पण ऐकताना कळतं की हा स्वतःचीच केस लढतोय. फ्रँकलाही कळतं. तो उठतो, आरडाओरडा करून गुन्हा कबूल करतो आणि खटला उधळतो. मागे तुरुंगातला गुन्हेगारी सम्राट फिस्क याची खेळी असते, ते ठीक. पण ते भाषण सहाव्या भागापासून रचत आणलं असतं तर तो सीझनचा कळस झाला असता. इथे ते उशिरा आलेल्या वकिलाच्या सारवासारवीसारखं वाटतं.

आता इलेक्ट्रा. एलोडी युंगने केलेली इलेक्ट्रा मला आवडते. पाचव्या भागात ती मॅटला स्वीनीच्या घरी नेते, त्याच्या बापाच्या खुन्याला खुर्चीत बांधून समोर ठेवते आणि म्हणते, घे. गच्चीवर फ्रँकने विचारलेलाच प्रश्न आहे हा, फक्त प्रेमाने विचारलेला. हा दुवा मालिकेने जोडला असता तर दोन कथानकं एकच झाली असती. तिच्याबरोबर ‘हँड’ या गुप्त संघटनेची निंजांची फौज आली तिथे मात्र माझा संयम संपतो. ज्यांना चेहरा नाही, ज्यांच्या हृदयाचे ठोके मॅटलाही ऐकू येत नाहीत, मारलं तर मरत नाहीत, अशा लोकांशी वाद काय घालणार? त्यांच्यावर धड दोषारोपपत्रही ठेवता येणार नाही. त्यात तो खड्डा. मिडलँड सर्कलमधला तो अजस्र खड्डा दाखवून सीझन त्याबद्दल शेवटपर्यंत चकार शब्द काढत नाही. उत्तर मिळालं ते ऑगस्ट २०१७ मध्ये, ‘डिफेंडर्स’ या वेगळ्याच मालिकेत. खड्डा खणून वर्षभर तसाच ठेवायचा, हे मला वाटलं होतं फक्त आमच्या नगरपालिकेला जमतं.

एकंदरीत या तेरा भागांना फार जणांचा संसार चालवायचा होता. पनिशरला त्याची स्वतःची मालिका मिळाली, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये आली. डिफेंडर्सची पायाभरणीही इथेच. पहिल्या सीझनचा सूत्रधार स्टीव्हन डीनाइट जाऊन डग पेट्री आणि मार्को रामिरेझ आले होते. त्यांना दोष देववत नाही, कारण नववा भागही त्यांच्याच कारकिर्दीतला. तुरुंगातल्या बोळात फ्रँक एकटा आणि पांढऱ्या कपड्यांत व्हिन्सेंट डोनोफ्रिओचा फिस्क. तो भाग मी वर्षातून एकदा तरी बघतो. मॅट-फॉगीच्या ऑफिसातल्या कॅरनचं पत्रकार होणं मात्र मला कधीच पटलं नाही, ते सोडून देऊ.

तिसरा सीझन बघाच. २०१८ च्या ऑक्टोबरमधला, सूत्रधार एरिक ओलेसन. निंजा नाहीत, खड्डा नाही. फिस्क आहे, आणि कायदाच त्याच्या खिशात गेला तर वकिलाने करायचं काय हा प्रश्न आहे. चौथ्या भागात तुरुंगातला अकरा मिनिटांचा सलग शॉट आहे, त्या वेळी फोन बाजूला ठेवा.

आणि ते झालं की २०२५ च्या ‘बॉर्न अगेन’चा निदान तिसरा भाग. ती मालिकाही बनता बनता मध्येच मोडून पुन्हा जुळवलेली, त्यामुळे सांधे दिसतात. पण त्या भागात हेक्टर अयाला नावाच्या माणसाचा खटला आहे, आणि मॅट मर्डॉक वेळेवर कोर्टात हजर आहे. अशिलाला वाचवण्यासाठी तो तिथे जे करतो ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की बार रूममध्ये लॅपटॉपवर बघत होतो, शेजारचे काका कोर्टात द्यायची पुरसीस लिहायची थांबवून वाकून बघायला लागले आणि म्हणाले, “अरे, हे चालतं का तिकडे?”