ठोके चुकू नयेत म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : डॉक्टरताई, मी निवृत्त शिक्षक, वय 64, राहणार परतूर. माझ्या थोरल्या भावाला मागच्या वर्षी लकवा मारला. संभाजीनगरला नेल्यावर कळलं, की त्याचे ठोके अनियमित होते आणि हृदयातूनच गुठळी मेंदूत गेली. तेव्हापासून मी धास्तावलोय. रात्री कधी कधी मलाही ठोका चुकल्यासारखं वाटतं. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं मल्टिव्हिटॅमिन, माशाच्या तेलाच्या दोन कॅप्सूल आणि दर रविवारी ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सुरू करून दिली. दीड वर्ष झालं, घेतोय. बीपीची गोळी आहे, पण बरं वाटलं की मधे मधे सोडतो, उगीच किती औषधं खायची? या जीवनसत्त्वांनी भावासारखा आजार टळेल ना?

उत्तर : गुरुजी, बीपीच्या गोळीबद्दल तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, ते वाचून मला खरी काळजी वाटली. भावाला झाला त्या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथं रक्त साचून गुठळी धरते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. अशा माणसाला लकव्याचा धोका साधारण पाच पट असतो. हा आजार जडवणाऱ्या कारणांत वाढलेलं बीपी अगदी वरच्या ओळीत आहे. वर्षानुवर्षं दाब वाढलेला राहिला, की वरचे कप्पे ताणून मोठे होतात आणि तिथली विजेची वाट बिघडते. हे होत असताना माणसाला काहीही जाणवत नाही. म्हणून ‘बरं वाटतंय’ हे गोळी सोडायचं कारण होऊच शकत नाही. ती आजपासून रोज घ्या.

आता जीवनसत्त्वांचं. तुम्ही विचारलंय तेच अमेरिकेत 25,119 लोकांवर तपासून पाहिलं गेलं आणि निकाल 2021 मध्ये आला. सगळे पन्नाशीचे किंवा पुढचे, आधी हा आजार नसलेले. काहींना रोज 2,000 युनिट ड जीवनसत्त्व, काहींना माशाचं तेल, काहींना दोन्ही, काहींना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. सुमारे 900 जणांना आजार झालाच, आणि ड जीवनसत्त्व किंवा माशाचं तेल घेणाऱ्यांत तो कमी झाला नाही. फिनलंडच्या एका लहान अभ्यासात ड जीवनसत्त्वाचा फायदा दिसला होता, पण तेवढ्यावर मी कुणाला गोळी लिहून देणार नाही.

माशाच्या तेलाचं तर उलटंच आहे. 2021 मध्येच सात अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा दिवसाला 1 ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-3, म्हणजे माशाच्या तेलातला मुख्य घटक, घेणाऱ्यांत हा आजार होण्याचा धोका जवळपास निम्म्यानं वाढलेला दिसला. ज्या भीतीपोटी तुम्ही कॅप्सूल घेताय, तीच तिनं वाढू शकते. कुण्या डॉक्टरांनी खास कारणासाठी दिली नसेल तर बंद करा.

आणि ती रविवारची पुडी! कमतरता असेल तर ती साधारण आठ आठवडे द्यायची आणि मग डोस उतरवायचा. आपल्याकडे एकदा सुरू झाली की कुणी थांबवतच नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. तहान लागते, बद्धकोष्ठ होतो, मळमळतं, किडनीवर ताण येतो आणि ठोकेही बिघडू शकतात. पुडी थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या.

जीवनसत्त्वं निरुपयोगी आहेत असं मात्र समजू नका. बी-12 कमी होऊन रक्त कमी झालं तरी छातीत धडधडतं, आणि माळकरी घरांत किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे मी फार पाहते. तिथं बी-12 द्यायलाच हवं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटलं तर ठोके खरोखर चुकतात. तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते विचारा. असेल तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात, घामात आणि एखादी हगवण लागली तर हे क्षार झपाट्यानं उतरतात. थायरॉईडही बघा, तो वाढला असेल तर कुठल्याही गोळीनं ठोके ताळ्यावर येणार नाहीत.

ठोका चुकतो तेव्हा अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. मधेच एखादा ठोका चुकणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पण नाडीला ताल असा उरलाच नसेल, तर त्याच वेळी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा, सकाळची वाट बघू नका. बरोबर चक्कर, धाप, छातीत दुखणं किंवा तोंड वाकडं होणं असेल तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. घोरता का, मधे श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारा. झोपेतल्या त्या अडथळ्यानंही हा आजार येतो. वजन वाढलं असेल तर उतरवा. दारू घेत असाल तर सोडा. आधी हा आजार झालेल्यांनी ती सोडली तेव्हा तो पुन्हा होण्याचं प्रमाण घटलं, हे 2020 च्या एका अभ्यासात दिसलंय.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची झडप बदलून धातूची बसवली आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात, पालेभाजी पूर्ण बंद करा. खरं आहे का? — उदगीर

उत्तर : बंद करू नका, ताई. वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल ही गोळी के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते आणि मेथी, पालक, करडईच्या पाल्यात ते भरपूर असतं. अडचण येते ती कमी-जास्तीनं. आपल्याकडे थंडीत घरोघरी रोज पालेभाजी असते, तेव्हा गोळीचा जोर उतरतो. चैत्र-वैशाखात भाजी मिळेनाशी झाली की तोच डोस जास्त पडून हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. आठवड्याला साधारण सारखीच भाजी ठेवा, आणि थंडी सुरू होताना व उन्हाळा लागताना नेहमीच्या तारखेची वाट न बघता आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी चाचणी, करून घ्या. ताकदीची कुठलीही गोळी आणाल तर तिच्यात के जीवनसत्त्व आहे का, हे आधी वेष्टनावर वाचा.